भूत यायचं विसरलं

१

९ नोव्हेंबर, गुरुवार. आकाश ढगाळ, वारा नाही. दुपारी पाऊण तास ऊन.

सकाळी कोठारातून सात डबे आले. सहा धड, एक गंजलेला. डब्यांवरचं नाव वाचलं आणि हसू आलं. शिळ्या कढीला ऊत आणायचा असतो हे माहीत होतं, पण कढी मुळात नासकी असली तरी लोक ऊत आणतात, हे आज कळलं.

मी चित्रपट-भांडारात तपासनीस आहे. एकोणीस वर्षं झाली. रीळ एका चाकावरून दुसऱ्या चाकावर घ्यायचं, बोटाला फिल्मच्या जोडाचा सांधा लागला की थांबायचं, भिंगातून बघायचं आणि नोंद करायची. सगळं झालं की कागदाच्या तळाशी एकच शब्द लिहायचा, योग्य किंवा अयोग्य. अयोग्य लिहिलेली प्रत पडद्यावर जात नाही. माझं टेबल खिडकीला पाठ करून आहे, कारण उजेड खांद्यावरून यावा लागतो.

डब्यातला सिनेमा म्हणजे एका गाजलेल्या भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग. पहिल्या भागात पांढऱ्या साडीतली बाई अकरा वेळा किंचाळते, आणि तेवढ्यावर तो वीस आठवडे चालला. दुसऱ्या भागात दिग्दर्शकाला विद्वत्ता सुचली. एक घर, एक बाई, एक शर्ट. बाई दीड तास शर्टाला बटणं लावते, दारं लावते, दिवे मालवते आणि कोणाची तरी वाट बघते. भूत येतच नाही. लोकांनी खुर्च्या आपटल्या. दोन दिवसांत, रोज तीन याप्रमाणे सहा खेळ होऊन सिनेमा उतरला.

पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला मी होतो. संध्याकाळच्या वर्तमानपत्राला पत्र पाठवलं होतं, खाली 'एक प्रेक्षक' अशी सही. त्यातलं एक वाक्य गावभर झालं: 'बाईने सात बटणांपैकी सहा लावली, भूत मात्र यायचं विसरलं.' दुसऱ्या दिवशी पोरं थेटरात ते ओरडत होती.

ती बाई म्हणजे माझी ताई. नाटकात हौसेने कामं करायची, तिथून दिग्दर्शकाने उचलली होती. त्यानंतर तिने तोंडाला रंग लावला नाही. रस्त्यात लोक विचारायचे, "काय हो, आलं का?"

पत्र माझं होतं हे मी तिला कधी सांगितलं नाही.

२

हा उद्योग चष्मेवालीचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा, सिनेमे दाखवणाऱ्या कुठल्याशा मंडळाची चालक. सिनेमा आला तेव्हा ही पाळण्यात होती आणि आता मला त्यातलं सौंदर्य समजावते.

"काका, हा काळाच्या पुढचा सिनेमा आहे."

"काळ पुढे गेला, सिनेमा डब्यातच आहे."

"लोकांना तेव्हा कळला नाही."

"लोकांना कळला. म्हणूनच ते उठले."

ती रागावत नाही, हीच तिची वाईट खोड. म्हणाली, "तुम्ही पहिल्या खेळाला होतात ना? मग माहितीपत्रक तुम्हीच लिहा. शिव्या घाला हवं तर. पण एकदा नीट बघून घाला."

मी 'बरं' म्हणालो. ताई पाहुणी म्हणून येणार, असं ती जाता जाता बोलली. तिने परस्पर फोन करून ठरवलंही होतं.

दुपारी पाचवं रीळ लावलं. खिडकीचा सीन त्यात आहे. माझी पहिल्या खेळाच्या दिवशीची डायरी काढून शेजारी ठेवली होती. मी सगळ्या डायऱ्या ठेवतो. त्यातली नोंद अशी:

'खिडकीचा सीन, चार मिनिटं अकरा सेकंद. कॅमेरा हलत नाही. बाई खिडकीकडे पाठ करून शर्टाला बटण लावते. बाहेर सरळ रस्ता, कडेने नऊ खांब. नवव्या खांबापाशी काळा ठिपका. भिंगावरचा कचरा. पुसायचीही तसदी घेतलेली नाही.'

भिंग लावलं. ताई होती. तरुण, मान खाली, दातात दोरा. बाहेर रस्ता, खांब नऊ.

नवव्यापाशी काही नव्हतं. ठिपका तिसऱ्यापाशी होता, आणि तो ठिपका नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा माणूस होता, उभा.

३

मी मूर्ख नाही. पहिली शक्यता, ही प्रत वेगळी. कागदपत्रं पाहिली. गावाला एकच प्रत आली होती, सहा खेळांनंतर परत गेलीच नाही, थेटरमालकाने भांडारात टाकली. तेव्हाचा कागदी पट्टा आजपर्यंत डब्यावर होता, मीच फाडला. दुसरी शक्यता, माझी नोंद चुकीची. माझ्या नोंदी चुकत नाहीत. तिसरी, जुनी फिल्म आकसते. हे खरं आहे. पण आकसलेल्या फिल्ममध्ये खांबही आकसायला हवेत.

कागदाच्या कोपऱ्यात बेरीज-वजाबाकी करायची मला सवय आहे. नऊ वजा सहा, तीन. ते लिहिलं आणि खोडलं. असली गणितं पोरकट लोक करतात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ताईकडे गेलो. हवा कोरडी, ऊन स्वच्छ. ताई घरीच कपडे दुरुस्त करून देते. तीही खिडकीला पाठ करूनच बसते. तिच्या मांडीवर कोणाची तरी पँट होती.

"या मोजणीदार," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला हेच म्हणते. "किती पायऱ्या झाल्या आज?"

"बावीस."

"काल वाढवली नाही वाटतं एखादी." मग सुई थांबवून म्हणाली, "ऐकलंस का? मला पाहुणी म्हणून बोलावलंय. पहिल्या रांगेत. मी निळी साडी काढून ठेवलीये."

तिचा आवाज इतका हलका मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मी पाणी प्यालो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या खिडकीच्या सीनमध्ये बाहेर रस्त्यावर कोण उभं केलं होतं?"

"कुठल्या रस्त्यावर?"

"खिडकीबाहेरच्या."

ताई हसली. "रस्ता कुठला रे? फळी होती ती. पेंटरने रंगवलेली, माझ्यामागे चार हातांवर. खांब आठ काढायचे की नऊ, यावरून दिग्दर्शक आणि पेंटर अर्धा दिवस भांडले. फळीवर कोण उभं राहणार?"

"मग तू सीनभर मागे बघत नाहीस, तसं सांगितलं होतं का?"

"कोणी सांगितलं? कोणीच नाही सांगितलं. मीच बघितलं नाही." तिने दोरा दातांनी तोडला. "उजेड मागून येत होता. सुईत दोरा ओवायचा तर उजेडाकडे पाठच करावी लागते. तू नाही करत?"

४

१३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी धुकं, नंतर स्वच्छ.

अकरा वाजता भांडाराच्या छोट्या पडद्यावर चाचणीचा खेळ. प्रेक्षक दोन, चष्मेवाली आणि मी.

खेळापूर्वी मी त्या सीनची एक फ्रेम पातळ कागदावर गिरवून घेतली होती. नऊ खांब, तिसऱ्यापाशी माणूस. पडद्यावरही तो तिसऱ्यापाशीच होता. चार मिनिटं अकरा सेकंदांत हलला नाही. मी त्याच्यावरून नजर काढली नाही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडताय?" चष्मेवालीने अंधारात विचारलं.

"कंटाळ्याने."

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायला हवी, कारण मी खोटं लिहीत नाही. सिनेमा वाईट नाही. तेव्हा मी कोणी यायची वाट बघत बसलो होतो, म्हणून मला बाई दिसलीच नाही. ताई दार लावते, दोन पावलं जाते, परत येऊन कडी चाचपते. तिला भीती वाटत नाही. पाहुणा उशिरा येणार असला की घरातलं माणूस चिडतं, तशी ती चिडलेली आहे. हे असं काम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. आणि बाकीचा सिनेमा किंचाळण्यांच्या गिऱ्हाइकांना काय कळणार? गाढवाला गुळाची चव. त्या गाढवांचा म्होरक्या मी होतो, हे इथे नोंदवतो.

खेळ संपल्यावर रीळ टेबलावर घेतलं. कागद त्याच फ्रेमवर ठेवला. खांब खांबांवर बसले. ताई ताईवर बसली. माणूस बसला नाही.

तो दुसऱ्या खांबापाशी होता. आता पावट्याएवढा. अंगात शर्ट नव्हता.

५

बुधवारी चार वाजता वर्तमानपत्रवाल्यांसाठी खास खेळ झाला. हे सहा जण. सव्वीस वर्षांपूर्वी यांच्यातल्याच एका वर्तमानपत्राने माझं पत्र चौकटीत छापलं होतं. आता त्यातला एक टकलू मान डोलवत म्हणाला, "काय संयम आहे." दुसरा म्हणाला, "खिडकीतला तो माणूस म्हणजे आपण सगळे." मी दाराशी उभा होतो. तो माणूस दुसऱ्या खांबापाशी उघड्या अंगाने उभा होता आणि हे त्याला आपण सगळे म्हणत होते. वारा येईल तशी पाठ फिरवणारे लोक हे.

खेळानंतर टेबलावर पाहिलं. पहिला खांब.

त्याचा चेहरा मी भिंगातून पाहिला नाही. भिंग हातात होतं. बाकी सगळं पाहिलं. फक्त ताईच्या खांद्यावरून एवढं दिसलं की तो ताईकडे बघत नव्हता. तिच्या मांडीवरच्या शर्टाकडे बघत होता.

शनिवारी आणि रविवारी जाहीर खेळ, दोन्ही दिवस पाच वाजता. तिकिटं संपली होती. चष्मेवालीचा दिवसातून चार वेळा फोन. "काका, कागद कधी देता? योग्य ना?"

पेन उघडून बसलो. अयोग्य लिहिलं तर खेळ नाही. निळी साडी परत कपाटात, आणि ताई पुन्हा तीच, जिच्याकडे कोणी आलं नाही ती. योग्य लिहिलं तर पहिल्या खांबानंतर पुढे खांब नाही. पुढे खिडकीची चौकट, मग ताईची पाठ.

आणि वर, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, रंगवलेल्या फळीला घाबरतोय. स्वतःची एवढी किळस मला फार दिवसांत आली नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी तो सीन कापला. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही, असा हिशोब. दोन्ही टोकं जोडली, सांधा बोटालाही लागणार नाही इतका साफ केला. तुकडा, ३७६ फूट ८ फ्रेम, एका डब्यात घालून माझ्या खणात ठेवला. कागदावर 'योग्य' लिहिलं. एकोणीस वर्षांत प्रथमच मी खोटी नोंद केली. कारण काय, तर दीड तासाच्या सिनेमातली चार मिनिटं अकरा सेकंद कोणाला आठवतायत.

६

१८ नोव्हेंबर, शनिवार. ऊन. संध्याकाळी गार वारा.

आत गेलेले एकशे बारा. दारावर भांडारातला जुना दरवान होता, तिकीट फाडताना तो मोठ्याने आकडा बोलतो, म्हणून आमचं जमतं. बाहेर आलेले एकशे बारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पन्नास सेकंद.

ताई पहिल्या रांगेतून उठली, कोणाशी बोलली नाही, थेट माझ्याकडे आली.

"माझा सीन कुठे गेला?"

"कुठला?"

"मला बनवू नकोस. दार लावते, मग थेट दिवा मालवते. मधे मी बसलेली असते. चार मिनिटं. एका दमात केला होता मी तो, एका सुईत. दिग्दर्शक पाया पडला होता माझ्या."

"फिल्म खराब होती ताई. तेवढाच भाग—"

"तू कापलास."

मी दाराच्या आडोशाला सरकलो.

"दोनदा केलंस तू हे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकदा पत्र लिहून, एकदा कात्रीने."

"पत्र? कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? सात बटणांपैकी सहा. दीड तास बसून माझी बटणं मोजणारा या गावात दुसरा कोण आहे?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. मला थांबायची सवय आहे."

मग मी सांगितलं. दाराच्या आडोशाला, लोक स्वेटर घालून बाहेर पडत असताना, डायरीतली नोंद, गिरवलेला कागद, खांब, सगळं क्रमाने सांगितलं. आपल्याच तोंडून ते ऐकताना मला लाज वाटत होती. ताईने मधेच थांबवलं नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "शर्ट नाही अंगात?"

"नाही."

"तरीच."

"ताई, तो आता खिडकीजवळच्या खांबाशी आहे. उद्या दाखवला तर—"

"तर येईल." तिने पदर खांद्यावर सारखा केला. "येऊ दे की. सव्वीस वर्षं अख्खं गाव मला म्हणतंय, आलं नाही, आलं नाही. मी सहा बटणं लावून बसले होते. उद्या माझा सीन जागच्या जागी दिसला पाहिजे. नाही दिसला तर माझ्या त्या बावीस पायऱ्या तू पुन्हा मोजायच्या नाहीत."

७

१९ नोव्हेंबर, रविवार. ढगाळ, वारा नाही. पाऊस नाही.

सकाळी तुकडा परत जोडला. दोन सांधे. कागदावर जुनी नोंद खोडून खरी केली, खाली सही, तारीख.

आत गेलेले एकशे अठरा. ताई पहिल्या रांगेत, सहा नंबरच्या खुर्चीवर. पाच आणि सात या राखीव खुर्च्या मी मोकळ्या ठेवायला लावल्या होत्या. चष्मेवालीने कारण विचारलं, मी पाहुण्यांची ऐसपैस व्यवस्था म्हणून सांगितलं. तिला ते फार आवडलं.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पाचवं रीळ लागलं. दार, कडी, पुन्हा कडी. मग ताई बसली आणि तिने सुई उजेडात धरली.

पहिल्या खांबापाशी कोणी नव्हतं. दुसऱ्यापाशी नाही. मी नऊपर्यंत मोजले. रस्ता रिकामा होता. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, मी सव्वीस वर्षं एका कचऱ्याच्या कणाचा हिशोब ठेवत होतो. हसूच येणार होतं. तेवढ्यात पडद्यावर ताईने न बघता हातातला शर्ट खांद्यावरून मागे केला, जसा आपण घरातल्या माणसाला देतो तसा, घेणारं कोणी मागे आहे हे माहीत असल्यासारखा.

हे सिनेमात नव्हतं. माझ्या नोंदीत नाही.

शर्ट खिडकीच्या चौकटीपलीकडे गेला. घेणाऱ्याची फक्त बोटं दिसली. सावकाश घेतला. मग बराच वेळ ताई रिकाम्या हातांनी बसून राहिली, आणि थेटरात कोणी खोकलंही नाही. पहिल्या रांगेत सहा नंबरवर ताईची मान ताठ होती. सात नंबरची खुर्ची, मी मोकळी ठेवायला लावलेली, तिची बैठक खाली झालेली होती. त्या खुर्च्यांची बैठक माणूस उठला की आपोआप वर जाते.

मी पुढे गेलो नाही. चार मिनिटं अकरा सेकंद मी भिंतीला टेकूनच होतो.

दिवे लागले. टाळ्या दोन मिनिटं दहा सेकंद. सगळे उभे. चष्मेवाली रडत होती, चष्मा हातात घेऊन. ताईने उभं राहून एकदाच नमस्कार केला. सात नंबरची बैठक वर गेलेली होती.

दरवानाकडे गेलो. "किती?"

"एकशे एकोणीस."

"एकशे अठरा आत गेले होते."

"आत मीच मोजलेत आणि बाहेरही मीच. शेवटचा जरा रेंगाळत आला, म्हणून लक्षात राहिला. शर्टाची बटणं लावत होता. वरचं नव्हतंच, तिथे नुसता चाचपत होता." त्याने फाटक्या तिकिटांचा गठ्ठा दोऱ्याने बांधला. "मला विचारलं, तपासनीस कुठे बसतात. मी सांगितलं, सकाळी या, नऊला उघडतं."

८

२० नोव्हेंबर, सोमवार. स्वच्छ ऊन.

पाचवं रीळ तपासलं. सांधे दोन, पक्के. सीनची लांबी ३७६ फूट ८ फ्रेम. खांब नऊ. रस्त्यावर कोणी नाही. ताईच्या हातात शर्ट नाही. शिफारस: योग्य, जतन करावी.

ताईला पावणेनऊला फोन केला. तिसऱ्या घंटेला उचलला. तिला झोप चांगली लागली. दोन नाटकवाल्यांचे निरोप आले आहेत.

माहितीपत्रकात मी माझं ते जुनं वाक्य घातलं होतं. त्यात एक दुरुस्ती पाठवली: 'विसरलं' हा शब्द काढावा.

नऊ वाजून पाच मिनिटांनी टेबलावरून उठून खिडकीशी गेलो. या खिडकीतून दिसणारे खांब मी कधी मोजले नव्हते. मोजले. अकरा आहेत. अकराव्यापाशी एक माणूस उभा आहे. अंगात शर्ट.